डाव्या चाकावरचा शेंदूर

ती घटना आठवली की आजही माझे कान तापतात. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, शेताच्या धुऱ्या-बांधावरून फुटलेली डोकी पाहिली. त्या सगळ्यांचा राग काळाबरोबर निवला. एका मोटार अपघाताचा राग मात्र पेन्शनीच्या कागदांबरोबर घरी आला आणि अजून घरातच आहे.

वऱ्हाड तेव्हा जुन्या मध्यप्रदेशातून निघून नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. मी मूळचा अकोल्याचा, आणि अमरावतीहून अचलपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. त्या रस्त्यावर खाजगी मालकांच्या प्रवासी मोटारी धावत. ज्या मालकाची ही हकीकत आहे त्याच्या दोन मोटारी होत्या, एक नवी आणि एक जुनी. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. ज्यांना लाज वाटायला हवी होती ते आता हयात नाहीत, आणि हयात असते तरी त्यांना ती वाटली असती असं मला वाटत नाही.

दसरा नुकताच झाला होता. कापसाची पहिली वेचणी चालू होती. भर दुपारी एक सायकलस्वार धापा टाकत ठाण्यात आला. जुनी मोटार नाल्याच्या पुलाजवळ रस्ता सोडून खाली गेली, माणसं आत अडकली आहेत, एवढं सांगून तो बाकावर मटकन बसला. ठाण्याला तेव्हा गाडी नव्हती. हवालदार आणि दोन शिपाई घेऊन मी रस्त्यावर आलो, कापसाचा एक ट्रक हात करून थांबवला आणि त्यातून घटनास्थळी पोचलो.

मोटार डाव्या अंगावर कलंडली होती. पुढचं डावं चाक नाल्याच्या काळ्या चिखलात पार बुडालं होतं, त्याचा नटसुद्धा दिसत नव्हता. आम्ही माणसं बाहेर काढली आणि त्याच ट्रकमध्ये कापसाच्या गाठोड्यांवर निजवून अमरावतीच्या दवाखान्यात रवाना केली. एक बाई मात्र जागीच मेली. मुलीच्या बाळंतपणासाठी अचलपूरला निघाली होती. तिच्या डब्यातले डिंकाचे लाडू चिखलात पसरले होते, आणि एक शिपाई ते का कोण जाणे, एकेक करून उचलत होता.

ह्या सगळ्यात संध्याकाळ झाली. पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं ठरवून मी गाडीवर एक शिपाई पहाऱ्याला ठेवला. जखमी आधी, कागद नंतर, हा माझा नियम होता.

अपघात झाला की ड्रायव्हर पळून जातो, हे आम्ही पोलीस धरूनच चालायचो. हा पळाला नव्हता. कपाळाला मोठी खोक, सदरा रक्तानं भिजलेला, आणि तरी तो आमच्याबरोबर माणसं उचलत होता. तिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. दोन वर्षांपूर्वी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आलेल्यांपैकी तो होता. त्यांच्या वस्तीतला मोटारीचं लायसन मिळवणारा पहिलाच माणूस. ट्रक निघून गेल्यावर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"सायेब, बाई माह्या हातून गेली," तो म्हणाला.

हवालदार माझ्या कानाशी लागला. "घ्या सायेब, कबुली झाली. काम सोपं झालं."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही हे हवालदाराला माहीत नव्हतं असं नाही. पण काम सोपं झालं हे तीन शब्द पोलीस खात्यात फार गोड लागतात. मी कलम दोनशे एकोणऐंशी आणि तीनशे चार-अ खाली, हयगयीनं मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवला आणि ड्रायव्हरला ठाण्यात आणलं.

दिवेलागणीला मालक ठाण्यात हजर झाला. बरोबर गावातली तीन-चार वजनदार माणसं. ठाण्यात अशी मंडळी घोळक्यानं येतात तेव्हा त्यांना काही विचारायचं नसतं, सांगायचं असतं. मालकानं खुर्ची ओढली आणि म्हणाला, "सायेब, एक पक्की खबर देतो. ड्रायव्हर दारू पेलेला होता."

"तुम्ही पाहिलं?"

"पाहाले काहाले लागते जी? त्याईच्या वस्तीत दुसरं काय चालते?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यातल्या एकानंही ड्रायव्हरला त्या दिवशी पाहिलेलं नव्हतं. एकजण तर सकाळपासून मूर्तिजापूरला होता, हे त्यानं स्वतःच बोलता बोलता सांगितलं. आणि तरी त्याची मान सगळ्यांत जोरात हलत होती!

मालकाचं एवढ्यावर भागलं नाही. ठाण्याच्या अंगणात गर्दी जमली होती. तिच्याकडे तोंड करून तो मोठ्यानं बोलू लागला. "दसऱ्याच्या दिवशी माह्या नव्या गाडीची पूजा झाली. नारळ झाला, शेंदूर झाला, स्टेपनीले सुद्धा शेंदूर लावला. ह्या बहाद्दराले म्हटलं, जुनीची बी करू. त हा म्हनते, मी चालवतो त्या गाडीले फक्त पानी लागन, शेंदूर नाई. पांढरे कपडे घालून गाडी धुतली अन् गेला निघून. मी म्हटलं, राहू द्या त्याची गाडी कोरडी. आता पाहा! देवीचा कोप नाई त काय हाय हे?"

गर्दीत हूं हूं झालं. मी देवाधर्माचा माणूस आहे. दरवर्षी ठाण्यात शस्त्रपूजा मी स्वतःच्या हातानं केली आहे. पण मेलेल्या बाईचं तपासणीला नेलेलं प्रेत अजून दवाखान्यातून आलं नव्हतं आणि हा माणूस देवीला आरोपी करत होता. माझं डोकं तिथंच फिरलं. मी त्याला सांगितलं की कोप झाला असेल तर देवीचा जबाब मला घेता येत नाही, तुमचा घेता येतो, सकाळी या.

ड्रायव्हरला मी सरकारी डॉक्टरकडे पाठवलं होतं. डॉक्टरांनी खोक शिवली आणि दारूचा वास, झोक, डोळ्यांची लाली, काही नाही असं लिहून दिलं. मालकाला ते सांगितलं तर म्हणतो, "वास जाते जी, घटकाभरात." म्हणजे डॉक्टरपेक्षा मूर्तिजापूरला असलेल्या माणसाचं नाक जास्त खरं.

ड्रायव्हरची बायको अंगणातल्या निंबाखाली त्याला आणल्यापासून बसून होती. ठाण्यात येणाऱ्या बायका बहुधा रडतात, पाया पडतात. ही उठून सरळ माझ्यासमोर आली. म्हणाली, "सायेब, घरात दारू येत होती तवा मार मी खाल्ला. दीक्षा घेतल्यापासून थेंब नाई आला. हे माह्याहून जास्त कोनाले माहीत असन? ह्या मालकाले?" आणि पदर खोचून पुन्हा निंबाखाली जाऊन बसली.

मग मी ड्रायव्हरला समोर बसवलं. त्याची चौकशी म्हणजे दात काढण्यासारखं काम होतं. बोलायचाच नाही. शेवटी मी विचारलं, "बाई तुझ्या हातून गेली म्हणतोस, ती कशी?"

"गाडी न्यायलेच नोको होती मी आज," तो म्हणाला.

"काहून?"

"समोरचं डावं चाक हवा सोडून राह्यलं होतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दसऱ्याच्या आधीच मालकानं नव्या गाडीसाठी जुन्या गाडीची पुढची दोन्ही चांगली चाकं काढून घेतली होती आणि तिला दुसरी, झिजलेली चाकं चढवली होती. जुनीला स्टेपनी, म्हणजे जादाचं चाक, तर कधीचीच नव्हती. ह्याच मालकानं मुंबईहून हवा दाखवणाऱ्या टोप्या आणल्या होत्या. चाकात हवा भरायच्या नळीवर साधं टोपण असतं ना, त्याच्या जागी ही टोपी बसते. आतून हवा पुरेशी दाबत असली की टोपीतून लाल टोकाचा बारीक दांडा वर येतो. हवा उतरली की दांडा आत जातो. लोकांनी पाहावं म्हणून मालकानं त्या दोन्ही गाड्यांच्या पुढच्या चाकांना लावल्या होत्या आणि मोटार स्टँडवर जो भेटेल त्याला दाखवत असे.

"चाकं बदलली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून डाव्या टोपीचा दांडा आत जाऊन राह्यला होता," ड्रायव्हर म्हणाला. "मालकाच्या मिस्त्रीले सांगतलं. मिस्त्री म्हने टोपी खराब हाय. मालकाले सांगतलं. मालक म्हने, चाक बदललं की टोपी असंच करते, आठ दिसात तिले सवय होते. मी रोज पंपानं हवा मारून गाडी नेली. आज सकाळी म्हटलं, नाई नेत. मालक म्हने, चाबी ठेव अन् घरी जाय, दुसरे हायेत. मंग नेली."

"आणि अपघात?"

"चाक फुटलं. स्टेअरिंग हातात नाई राह्यलं."

टोपीला सवय होते! बैलाला जुवाची सवय होते, सुनेला सासरची होते. टोपीला कशाची सवय होणार? मुंबईहून यंत्र आणायचं, चारचौघांत मिरवायचं, आणि त्यानं खरं सांगितलं की यंत्रालाच खोटं पाडायचं. हे मी नंतर आयुष्यभर पाहिलं. माणसांच्या बाबतीतही.

सकाळी मी पंच घेऊन नाल्यावर गेलो आणि जागीच थबकलो. मोटार नाल्यात नव्हतीच. रस्त्याच्या कडेला सरळ उभी होती. मालक, मिस्त्री आणि त्यांची माणसं उजाडताच नवी मोटार घेऊन आली होती आणि तारेच्या दोरानं तिला ओढून वर काढली होती.

"रस्ता मोकळा करून देल्ला सायेब," मालक हसत म्हणाला. "लोकाईची अडचन नोको."

पहाऱ्यावरचा शिपाई खाली मान घालून उभा होता. मालकानंच त्याला गावात चहा प्यायला पाठवलं होतं. बरोबर भजीही सांगितली होती म्हणे! सरकारी मुद्देमालाची किंमत एक कप चहा आणि भज्यांचा पुडा. त्या शिपायाला मी तिथं काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मालकानं मला हाताला धरल्यासारखं पुढच्या डाव्या चाकापाशी नेलं. चाक चिखलानं माखलेलं होतं, पण टणक, हवेनं भरलेलं. टोपीतून लाल दांडा ऐटीत वर आला होता.

"पाहा. कुठं फुटलं चाक? हा पेलेला मानूस काही बी सांगते."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत एवढंच होतं की आता तरी चार्जशीट टाका. आदल्या संध्याकाळी वरूनही निरोप आला होता की प्रकरण साधं आहे, लवकर निकालात काढा. साधं प्रकरण म्हणजे ज्यात गरीब माणूस आधीच कोठडीत बसलेला असतो.

ठाण्यात येण्यापूर्वी मी काही काळ पोलिसांच्या मोटार विभागात काढला होता. चाकांशी माझी तोंडओळख होती. मी दोन्ही गाड्या ठाण्याच्या अंगणात आणवल्या आणि मिस्त्रीला आत बोलावलं. मालकाला बाहेर बसवलं. दोघांना एकत्र विचारलं की एकच उत्तर मिळतं, वेगवेगळं विचारलं की दोन मिळतात.

"ड्रायव्हरनं चाकाची तक्रार केली होती का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

मिस्त्रीनं थोडा विचार केला. नाही म्हणायची त्याला गरज वाटली नाही. "केली होती जी. पन चाक चांगलं होतं. टोपी खराब होती."

"डाव्या चाकाची?"

"हो जी. ते टोपी पयल्यापासूनच बदमाश हाय."

मी त्याला बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर त्याच्याच हातानं दोन्ही टोप्या काढायला लावल्या. डावीची टोपी उजव्या चाकाला, उजवीची डाव्या चाकाला. टोपी बदमाश असेल तर ती कुठंही गेली तरी बदमाशी करणार. चाक बदमाश असेल तर कुठलीही टोपी लावा, दांडा आत जाणार. ह्याला फार शिकायला लागत नाही. घरात दिवा लागला नाही तर आपण वात बदलून पाहतो की तेल, तेवढीच ही अक्कल आहे, आणि आठ दिवसांत ती त्या दोघांनी वापरली नव्हती.

दोन्ही दांडे वर आले. मी सगळ्यांना जेवून यायला सांगितलं. परत आलो तरी दोन्ही दांडे जागच्या जागी होते.

मी मिस्त्रीला म्हटलं, "टोपी तर चांगली आहे."

"असन जी."

"मग इतके दिवस तिचा दांडा आत काहून जात होता?"

तो खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसायला लागला.

"चाकातून हवा जात होती म्हणून. बरोबर? आणि तेच चाक काल नाल्यात आपटलं, रात्रभर चिखलात पडलं, आणि आज त्यातून एक फुंकरसुद्धा जात नाही. नाल्यात पडून बरं झालेलं चाक मी तरी पहिल्यांदाच पाहतो आहे."

मिस्त्रीच्या ओठावर घाम आला. तर्क माझ्याजवळ होता, पुरावा नव्हता. तर्कावर मॅजिस्ट्रेट कोणाला सोडत नाही आणि कोणाला पकडतही नाही. ड्रायव्हरला कोर्टापुढं उभं करायची वेळ जवळ येत होती. गुन्हा जामिनाचा होता, पण वस्तीत जामीनदार म्हणून उभं राहण्याजोगी जमीन कोणाकडे होती? तो आत जाणार, खटला चालेपर्यंत आत राहणार, आणि दारूड्या म्हणूनच बाहेर येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. लायसन तर जाणारच. वस्तीतल्या पुढच्या पोरानं मोटार शिकायचं नाव काढलं की ह्याचं उदाहरण देणार.

मी शिपायाला बादली आणायला सांगितलं. डावं चाक नीट पाहायचं होतं, तडा, टोचा, काही दिसतं का. शिपायानं चाकावर पाणी ओतलं आणि चिंधीनं चिखल पुसायला लागला. चिखल नाल्यातला होता, पण थर वरवरचा, हातानं थापल्यासारखा होता. एक बादली झाली, दुसरी झाली. आणि चाकाच्या लोखंडी तव्यावर, नटांच्या वर्तुळाच्या बाहेर, केशरी रंग दिसायला लागला.

तेलात कालवलेला शेंदूर. पाण्यानं तो जात नाही. शिपाई पुसत होता आणि पूर्ण स्वस्तिक उजळून वर येत होतं.

अंगणात कोणाला काही वाटलं नाही. हवालदाराला नाही, पंचांना नाही, मिस्त्रीलाही नाही. वाटणार कसं? दसऱ्यानंतर आमच्याकडे गाडीच्या चाकावर शेंदूर असतोच. नांगरावर असतो, बैलगाडीच्या धावेवर असतो, ठाण्यातल्या बंदुकांच्या दस्त्यावर मीच लावलेला होता. रोज डोळ्यांसमोर असतं ते माणसाला दिसत नाही. मिस्त्रीनंही चाक चढवताना तो पाहिला असेल आणि त्याला त्यात वावगं वाटलं नसेल.

मी मात्र उठून उभा राहिलो. मालकाचे कालचे शब्द माझ्या डोक्यात होते. मी त्याला बोलावलं. पंचांना जवळ उभं केलं. चाकाकडे पाठ करून मी स्वतः उभा राहिलो, म्हणजे मालकाला ते दिसू नये.

"मालक, काल तुम्ही म्हणाला होता की ह्या गाडीची दसऱ्याला पूजा झाली नाही. ते खरं का?"

त्याला वाटलं, साहेब आता बरोबर रस्त्याला लागले. त्यानं आवाज चढवला. "खरं म्हंजे? साऱ्या स्टँडले माहीत हाय जी! ह्यानं लावूच देल्ला नाई."

"एखाद्या चाकाला तरी लावला असेल. देवीसाठी."

"एका बी चाकाले नाई! माह्या लेकराची आन घेऊन सांगतो. कोरडी होती गाडी, कोरडी."

"आणि नव्या गाडीला?"

"साऱ्या चाकाईले. स्टेपनीले सुद्धा. ह्या हातानं लावला."

मी बाजूला झालो.

त्यानं स्वस्तिकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग मिस्त्रीकडे. मी पंचांना घेऊन जुन्या गाडीची बाकीची चाकं धुतली. एकावरही रंगाचा ठिपका नाही. मग अंगणातच उभ्या असलेल्या नव्या गाडीच्या मागे गेलो. चारी बाजूंच्या चाकांवर शेंदूर, आणि स्टेपनीची जागा रिकामी.

"स्टेपनी कुठं आहे?" मी विचारलं.

मिस्त्रीनं हात जोडले. "मले मालकानं सांगतलं जी," तो म्हणाला. "मी नाई म्हटलं होतं. मले म्हने, फुटलेलं चाक सायेबाईनं पाहिलं त आपून दोघं बी जाऊ."

फुटलेलं चाक मालकाच्या गोठ्यात कडब्याच्या गंजीखाली सापडलं. टायर एका बाजूनं चिरफाळलेलं, ट्यूबवर ठिगळावर ठिगळ, आणि लोखंडाची कड एका जागी वाकून ट्यूबला घासत होती. मोटार इन्स्पेक्टर अमरावतीहून आला. त्यानं चाक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्या चाकावर अर्थातच शेंदूर नव्हता.

मी कोठडीचं दार उघडायला लावलं. ड्रायव्हरला सगळं सांगितलं. त्याला आनंद झाला असेल, पण तो दिसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "त्या बाईच्या पोरीचं बाळंतपन झालं काय, जी?" मला माहीत नव्हतं. माझ्यापुढं दोन दिवस किती माणसं बोलून गेली होती. कोप बोलून झाला, दारू बोलून झाली, इज्जत आणि धंदा बोलून झाला. त्या मेलेल्या बाईची आठवण काढणारा हा पहिला माणूस होता, आणि त्याला आम्ही गजाआड ठेवलं होतं.

खटला झाला. ड्रायव्हर सुटला. मिस्त्रीला सजा झाली. मालकानं चांगला वकील दिला आणि दंड भरून तो घरी गेला. पुढच्या महिन्यात त्याच्या नव्या गाडीच्या टोप्यांचे लाल दांडे मी पुन्हा स्टँडवर मिरवताना पाहिले. कायद्याचा आदर मी नोकरीभर केला. पण तो दिवस आठवला की आदर करताना दात आवळावे लागतात.

त्याहून मोठा संताप मला गावानं आणला. निकालानंतर स्टँडवरच्या हॉटेलात, गुजरीच्या बाजारात, ठाण्याच्या अंगणातसुद्धा एकच बोललं जाऊ लागलं. देवीनंच त्याला वाचवलं हो! ज्यानं शेंदूर लावू दिला नाही त्यालाच देवीचा शेंदूर पावला. केवढं तिचं मन मोठं! ज्या माणसांनी तो पेलेला होता म्हणून माना हलवल्या होत्या, त्याच माना आता भक्तीनं हलत होत्या. मूर्तिजापूरवाला त्यांत होताच. मालकानं केलेल्या गुन्ह्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

हवालदारानंही मला तेच ऐकवलं तेव्हा माझा तोल गेला. मी त्याला समोर बसवून सांगितलं, "शेंदरानं नाही वाचवलं त्याला. त्याच्या नाही म्हणण्यानं वाचवलं. मालकाच्या धाकानं, चारचौघांच्या लाजेनं त्यानं त्या दिवशी मान डोलावली असती, तर जुन्या गाडीच्या सगळ्या चाकांवर शेंदूर असता. मग ह्या एका चाकावर तो आहे हे तुला दिसलं असतं का? मला दिसलं असतं का? तो आज जेलमध्ये असता."

हवालदारानं पट्टा आवळला. मग "खरं हाय, सायेब" म्हणाला आणि पहाऱ्याची पाळी बदलायला उठला.

ह्या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, आरोपी तयार करून कोणी तुमच्या दारात आणून दिला की पहिल्यांदा आणणाऱ्याची झडती घ्या. आणि एखादा माणूस सगळ्यांपेक्षा वेगळा वागतो म्हणून लोक त्याच्याकडे बोट दाखवतात, तेव्हा तो वेगळेपणाच नीट पाहा. लोकांनी दाखवलेलं ते बोटच मला त्या चाकापर्यंत घेऊन गेलं.

ड्रायव्हरला नंतर अकोल्याकडे एका जिनिंगच्या ट्रकवर काम मिळालं. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी तो माझ्या भेटीला आला. बायको बरोबर होती. बोलता बोलता मी त्याला विचारलं, गावात लोक म्हणतात देवीनं तुला वाचवलं, तुला काय वाटतं?

तो हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"म्हनू द्या, सायेब," तो म्हणाला. "मी ह्या दसऱ्याले बी गाडी फक्त धुनार हाय."